आर्क्टिकच्या पायपिटीत पंपाचा स्टोव्ह: एका हंगामानंतर

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर मार्च-एप्रिलमध्ये मागे सामानाची घसरगाडी बांधून जाणाऱ्याला दोनच कामं: चालणं आणि बर्फ वितळवणं. दुसऱ्यात रोजचे दोन-तीन तास सहज जातात. उणे ३० चा बर्फ नुसता पाणी व्हायलाच, पुढे त्या पाण्याला उकळी यायला लागते जवळपास तेवढी उष्णता खातो. माणशी रोज पाव लिटर इंधन धरा. पातेलं भुसभुशीत बर्फाने शिगोशीग भरलं तरी हाती येतं कपभर पाणी.

गॅसची डबी इथे शोभेची. ब्युटेन शून्याखाली अर्धा अंश गेलं की वायू व्हायचंच सोडतं. म्हणून व्हाइट गॅसचा स्टोव्ह. नाव गॅस, आहे पेट्रोलचाच साफ भाऊ. आजीचा प्रायमस पाहिलेल्याला ओळख करून द्यायला नको: तोच पंप, तीच पिन, तीच घरघर. १८९३ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत नॉर्वेच्या नान्सेननेही प्रायमसच नेला होता. फक्त काकडा गेला. इथे चमचाभर इंधन बर्नरखालच्या वाटीत सोडून पेटवायचं आणि ज्योत विझत आली की चावी हळूच उघडायची. घाई केलीत तर हातभर भडका, आणि भुवया ध्रुवाला अर्पण.

खरी कटकट पंपाची. थंडीत रबरी रिंग कडक होते, सांध्यातून इंधन पाझरतं. पंप रात्री झोपायच्या पिशवीत घ्या, चामडी वायसरला तेल द्या. बाटली काठोकाठ भरू नका, हवेला जागा हवी. सांडलेलं इंधन बोटावर आलं तर क्षणात हिमदंश: ते गोठत नाही, बर्फाइतकंच गार असतं आणि उडताना आणखी गारवा ओढतं.

स्टोव्हखाली प्लायवूडची फळी हवीच, नाहीतर तो स्वतःचीच विहीर खणतो. पातेल्यात आदल्या रात्रीचं घोटभर पाणी ठेवा. कोरडा बर्फ तापवला तर पाण्याला करपट वास येतो. हो, बर्फही करपतो! झाकण विसरलात तर वाफ तंबूच्या कापडावर गोठते आणि पहाटे अंगावर बर्फ पडतो, तोही घरचाच. तंबूचं दार मात्र थोडं उघडं हवं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्टोव्हचा आवाज इतका की बाहेर अस्वल आलं तरी कळणार नाही, म्हणून सापळातार (तंबूभोवतीची, अस्वल अडकलं की बार उडवणारी तार) आधी लावा, चहा नंतर.

विमानात इंधन चालत नाही, ते स्वालबार्डच्या मुख्य गावी, लाँगयरबीनलाच घ्या; स्टोव्ह आणि बाटलीही वास जाईपर्यंत धुवून न्या. सुट्या रिंगा आणि पिन सोबत असू द्या. काडेपेट्या दोन, दोन वेगळ्या खिशांत. लायटरवर विसंबू नका, त्यातही ब्युटेनच.