केराटोकोनस: एपी-ऑफ करायचं की एपी-ऑन?

केराटोकोनस म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन पुढे येत जाणं. त्यासाठी डॉक्टरांनी क्रॉसलिंकिंग (थेंब आणि यूव्ही लाइटने कॉर्निया घट्ट करणं) सांगितलंय आणि एपी-ऑफ की एपी-ऑन यावरून घरी वाद चालू आहेत, तर आधी हे बघा की आजार वाढतोय का. टोपोग्राफीचे (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) दोन रिपोर्ट, शक्यतो एकाच मशीनवरचे, शेजारी ठेवून केमॅक्स (कॉर्नियाचा सगळ्यात जास्त बाक) बघायचा, वर्षात साधारण 1 डायॉप्टर वाढला असेल तर थांबण्यात अर्थ नाही. (लेन्स वापरत असाल तर टेस्टच्या आधी काही दिवस बंद ठेवायला लागते, नाहीतर आकडे फसवतात.) पोरगं पंधरा-सोळाचं असेल तर बरेच डॉक्टर दुसऱ्या रिपोर्टचीही वाट बघत नाहीत, त्या वयात भराभर वाढतं. चाळिशी उलटलीये आणि रिपोर्ट स्थिर असेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं.

एपी-ऑफ म्हणजे जुनी, जर्मनीतल्या ड्रेस्डेनवाली पद्धत. थेंबांनी डोळा बधिर करतात, कॉर्नियावरचा पातळ थर (एपिथेलियम, म्हणून ‘एपी’) खरवडतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (व्हिटॅमिन बी2) पिवळेधमक थेंब आणि मग अर्धा तास यूव्ही लाइट. टेबलावर फारसं कळत नाही, खरं दुखणं घरी आल्यावर, भूल उतरली की. दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, पाणी वाहतं, उजेड नको होतो, जखमेवर लावलेली बँडेज लेन्स चार-पाच दिवसांनी निघते आणि नजर मात्र पुढे महिनाभर तरी धुरकट राहते. इन्फेक्शनचा धोका कमी असला तरी आहे.

एपी-ऑनमध्ये तो थर तसाच ठेवतात म्हणून त्रास बराच कमी, पण तोच थर रायबोफ्लेविन नीट आत जाऊ देत नाही, ऑक्सिजनही अडवतो, त्यामुळे परिणाम साधारणपणे कमी पडतो. नवीन पद्धतींत सुधारणा झालीये, पण नुसतं दुखायला नको म्हणून एपी-ऑन घेणं मला तरी पटत नाही, विशेषतः वाढत्या वयाच्या पोरांसाठी.

ॲक्सिलरेटेड (झटपट) क्रॉसलिंकिंग हे वेगळंच, तिथे प्रश्न फक्त यूव्ही लाइटच्या वेळेचा असतो. 3 मिलिवॉट 30 मिनिटं द्यायच्या ऐवजी 9 मिलिवॉट 10 मिनिटं, एकूण एनर्जी तेवढीच.

कॉर्निया 400 मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर नेहमीची पद्धत चालत नाही, वेगळं रायबोफ्लेविन वापरून कॉर्निया फुगवून घेतात, ते तुमच्या डॉक्टरांना जमतं का विचारा.

आणि यातलं काहीही करा, चष्मा सुटणार नाही. आजार थांबवायलाच हे करतात, नीट दिसायला नंतर आरजीपी (कडक) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स लागू शकते, तो खर्च आत्ताच धरून ठेवा. डोळे चोळायची सवय असेल तर (चोळण्याने आजार वाढू शकतो) ॲलर्जीचे थेंबही आत्ताच मागून घ्या.