जर्मन पीआर की ईयू पीआर? जर्मनीत पाच वर्षं होत आलेल्यांसाठी

जर्मनीत कायम राहण्याची परवानगी दोन नावांनी मिळते: नीडरलासुंग्सएरलाउब्निस आणि डाउअरआउफेन्टहाल्ट-ईयू. आपण मंडळी पहिलीला ‘जर्मन पीआर’ आणि दुसरीला ‘ईयू पीआर’ म्हणतो (पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, ईयू म्हणजे युरोपीय संघ), मीही तेच शब्द वापरतो. कार्ड दोन्हींचं सारखंच, फोटो आणि चिप असलेलं, पाकिटात मावणारं. नोकरीचं स्वातंत्र्यही दोन्हींत सारखंच. म्हणून बहुतेक जण जी आधी मिळेल ती घेतात आणि पुढे विचार करत नाहीत. मीही तसंच केलं होतं. आज माझ्याकडे दुसरी आहे, आणि पहिलीवरून दुसरीकडे येण्याचं कारण एकच होतं. ते पुढे सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तीच परिस्थिती असणार.

आधी वेग. इथे जर्मन पीआरशी कुणाची बरोबरी नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या तात्पुरत्या परवान्यावर असाल आणि जर्मन भाषेची बी-१ ही मधली पातळी झाली असेल तर २१ महिन्यांत मिळते, नुसती ए-१ ही सुरुवातीची पातळी असेल तर २७ महिन्यांत. ब्लू कार्ड नसलेल्या कुशल कामगारांसाठी ही मुदत पूर्वी चार वर्षं होती, नोव्हेंबर २०२३ च्या बदलानंतर ती तीन वर्षांवर आली. ईयू पीआरला मात्र पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, आणि बी-१ ला पर्याय नाही. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं अर्धीच धरतात, हे मास्टर्स करून इथेच नोकरीला लागलेल्यांनी लक्षात ठेवावं. ‘लेबेन इन डॉइचलांड’ (‘जर्मनीतलं जीवन’) ही ३३ प्रश्नांची परीक्षा दोन्हींसाठी कामाला येते. एकदा देऊन ठेवा आणि प्रमाणपत्र जपा.

मी मार्च २०१९ मध्ये ब्लू कार्डवर आलो आणि २०२१ च्या वसंतात जर्मन पीआर हातात पडली. त्या दिवशी जे हलकं वाटलं ते अजून आठवतं. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न संपला होता. पुढे घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी पगाराच्या स्लिपांच्या आधी कार्डाची प्रत मागितली आणि ती पाहिल्यावर बोलणं सरळ व्याजदरावर गेलं. तेव्हा इथे येऊन दोन-अडीच वर्षंच झाली असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि जर्मन पीआरचा अर्ज करा. ईयू पीआरसाठी पाच वर्षं थांबून तोवर ब्लू कार्डवर राहण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

खरा प्रश्न पाच वर्षं होत आली की येतो. जर्मन पीआर हातात असताना पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा शंभरावर युरो कशाला? फी जर्मन पीआरची ११३ आणि ईयू पीआरची १०९ युरो, म्हणजे पैशांचा मुद्दा नाहीच. मुद्दा वेळेचा आणि मनस्तापाचा आहे.

आता ते कारण. जर्मन पीआरवर तुम्ही सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर ती रद्द होते. आपोआप. त्याचं पत्र येत नाही, कार्डावर काही उमटत नाही. कार्ड पाकिटात तसंच असतं, फक्त त्याच्यामागचा हक्क गेलेला असतो. आणि मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही, की ब्लू कार्डवर हीच मुदत बारा महिने आहे. तात्पुरता परवाना होता तेव्हा वर्षभर बाहेर राहता येत होतं, ‘कायमचा’ घेतला आणि ते वर्ष निम्मं झालं. अर्ज करताना मला हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण कायमच्या परवान्याला अशी अट असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बाबा नाहीत, भावंड नाही. कंपनीने बिनपगारी रजा दिली आणि मी ११ तारखेला निघालो. ऑपरेशन ठीक झालं, पण त्या वयात हाड जुळणं वेगळं आणि माणूस चालायला लागणं वेगळं. फेब्रुवारी उजाडला तरी ती पलंगावरून खुर्चीपर्यंत दोघांच्या आधाराने जायची. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मे महिन्याचं पान उलटून ११ तारखेभोवती पेनाने गोल काढून ठेवला होता. एका सकाळी आईने वॉकर टेकवत तिथवर पहिली फेरी मारली, भिंतीला धरून उभी राहिली, सहज पानं चाळली आणि विचारलं, “हे काय रे, लग्न आहे का कुणाचं?” मी हो म्हणालो.

मुदत वाढवून मागता येते. कायद्यात तशी सोय आहे: बाहेर राहण्याचं कारण तात्पुरतं असेल तर परदेशी नागरिकांचं कार्यालय सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत ठरवून देऊ शकतं. मी जानेवारीतच ईमेल केला. मार्चमध्ये उत्तर आलं की डॉक्टरांच्या दाखल्याचं प्रमाणित भाषांतर हवं. ते करून एप्रिलमध्ये पाठवलं, आणि मग काहीच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली. सहा तारखेला आईला एका बाईंच्या भरवशावर सोडून विमानात बसलो. मंजुरीचं पत्र मी परतल्यावर तीन आठवड्यांनी टपालपेटीत पडलं. त्यात मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढवून दिली होती.

कार्यालयात माणसं कमी आहेत, कामाचे ढीग आहेत, हे मला कळतं. दुसऱ्या शहरात कदाचित दोन आठवड्यांत उत्तर येतही असेल. पण आईजवळ अजून तीन महिने थांबायचं की नाही हे एखाद्या टेबलावरच्या फायलीवर अवलंबून असावं, हे मला पुन्हा नको होतं. त्याच महिन्यात मी ईयू पीआरची माहिती काढायला बसलो.

ईयू पीआर युरोपीय संघाबाहेर सलग बारा महिने राहिल्यावर जाते. म्हणजे मुदत सरळ दुप्पट. त्यात तुम्ही पूर्वी ब्लू कार्डधारक असाल तर हीच मुदत चोवीस महिने होते. ब्लू कार्डधारकाबरोबर कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराने नंतर स्वतःची ईयू पीआर मिळवली तर तिला किंवा त्यालाही ती लागू होते. सहा महिने आणि चोवीस महिने! ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत त्यांना या दोन आकड्यांमधला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

एक सावधगिरी. मुदत कितीही असली तरी इथलं बिऱ्हाड गुंडाळून गेलात, म्हणजे घर सोडलं, नोकरी सोडली, पत्त्याची नोंद रद्द केली, तर जर्मन पीआरवर पहिल्या दिवसापासूनच प्रश्नचिन्ह लागू शकतं. कारण ‘तात्पुरता नसलेल्या कारणासाठी’ देश सोडला की ती रद्द होते, असंही कलम आहे. दर पाच महिन्यांनी दोन दिवस येऊन पासपोर्टवर शिक्का मारून गेलं की झालं, असं काही जण सांगतात. माझ्या मते त्यावर विसंबू नये. ईयू पीआरला हे कलम लागू नाही. तिथे मुख्यतः महिने मोजले जातात, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीवर माणूस निर्धास्त राहू शकतो.

पाच वर्षं मोजतानाही बाहेर राहण्याचा हिशेब येतो, आणि तिथे माझी थोडी धाकधूक झाली. साधारणपणे एकेक खेप सहा महिन्यांच्या आत आणि सगळ्या मिळून दहा महिन्यांच्या आत असतील तर वास्तव्य अखंड धरतात. ब्लू कार्डवरच्या काळाला हीच मर्यादा बारा आणि अठरा महिने आहे. माझी ती मोठी खेप जर्मन पीआरवरची होती. जुन्या पासपोर्टातले शिक्के लावून तारखांचा तक्ता केला, सगळं मिळून साडेआठ महिने भरले. तो तक्ता अर्जाला जोडला आणि अधिकारी बाईंनी शिक्के पुन्हा न मोजता तोच फायलीत ठेवला. तुम्हीही करा, तासाभराचं काम आहे.

दुसऱ्या देशात जाण्याबद्दल बरंच बोललं जातं. ईयू पीआर घेतली की युरोपात कुठेही नोकरी करता येते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जर्मन पीआरवर दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, बस. ईयू पीआरवर त्याहून जास्त राहण्यासाठी तिथे परवान्याचा अर्ज करण्याचा हक्क मिळतो, पण अर्ज करावाच लागतो, आणि नोकरीबाबत तो देश आपल्या अटी लावू शकतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीतच. शिवाय सहा वर्षं जर्मनीबाहेर राहिलात तर इथली ईयू पीआर जाते. नेदरलँड्स किंवा ऑस्ट्रियाला जाण्याचा बेत पक्का असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे. माझ्यासाठी नव्हता, म्हणून त्यावर जास्त बोलण्याचा मला अधिकार नाही.

कार्डाच्या बाबतीत दोन्ही सारखेच त्रास देतात. हक्क कायमचा असला तरी प्लास्टिकचं कार्ड कायमचं नसतं, ते पासपोर्टाच्या मुदतीशी बांधलेलं असतं. भारतीय पासपोर्ट नवा झाला की कार्डही नवं, त्याचे ६७ युरो आणि पुन्हा एक टर्मिन, म्हणजे कार्यालयात भेटीची ठरलेली वेळ. पासपोर्टाला वर्षच उरलं असेल तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या आणि मग पीआरचा अर्ज करा, नाहीतर एकाच वर्षात दोनदा खेटे होतात. नावाचंही सांगतो. आपल्या पासपोर्टात बहुधा वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून येतं आणि कार्डावर ते जसंच्या तसं छापलं जातं. माझ्या पेन्शनच्या उताऱ्यावर मात्र नुसतं माझं नाव होतं, आणि हा माणूस तोच का, हे सिद्ध करायला एक जादा पत्र आणावं लागलं. पेन्शन खातं, विमा आणि पगारपत्रक यांवरची नावं अर्जाच्या आधी जुळवून घ्या. कार्ड मिळालं की त्यातली ऑनलाइन ओळखीची सोय चालू करा आणि पिन सांभाळून ठेवा, सरकारी पोर्टलवर बरीच कामं घरबसल्या होतात.

नागरिकत्वाचा पर्याय आहेच. २७ जून २०२४ पासून तेही पाच वर्षांत मागता येतं, आणि त्यासाठी आधी पीआर असायलाच हवी असं नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) घेण्याची मनाची तयारी असेल तर बाहेर राहण्याच्या महिन्यांचा प्रश्नच उरत नाही आणि वरचं सगळं तुम्हाला गैरलागू आहे. माझी ती तयारी अजून नाही. आईच्या हयातीत तरी होईल असं वाटत नाही.

तर माझा कल असा. ज्यांच्यामागे भारतात काळजी घ्यायला कुणी आहे, जे वर्षातून चार आठवड्यांपलीकडे जात नाहीत, त्यांना जर्मन पीआर पुरेशी आहे. ज्यांच्यावर एकट्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे त्यांनी पाच वर्षं भरताच ईयू पीआरचा अर्ज टाकावा, गरज पडण्याची वाट पाहू नये. गरज पडते तेव्हा आपण इथे नसतो. मी एप्रिल २०२४ मध्ये अर्ज केला आणि सप्टेंबरमध्ये कार्ड आलं. जुनं कार्ड मी परत दिलं. दोन्ही परवाने एकाच वेळी जवळ ठेवता येतात, असा संघीय प्रशासकीय न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, हे मला नंतर समजलं. तुम्ही परत देण्याआधी विचारा.

अर्ज करताना एक नक्की पाहा. खिडकीवर नुसतं “कायमचा परवाना हवाय” म्हणालात तर बहुधा जर्मन पीआरचाच फॉर्म पुढे येतो. माझ्या बाबतीत ‘तुमच्याकडे आहे की’ असं म्हणून मला जवळजवळ परत पाठवलं होतं. डाउअरआउफेन्टहाल्ट-ईयू हे नाव अर्जावर आणि सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा, वास्तव्य कायद्याच्या कलम ९अ चा उल्लेख करा. पूर्वी ब्लू कार्डवर होतात तर त्या जुन्या कार्डाची प्रत जोडा. नवं कार्ड हातात आलं की तिथेच उलटून शेऱ्याच्या रकान्यात पूर्वीचा ब्लू कार्डधारक असल्याची नोंद आहे का ते बघा, आणि नसेल तर खिडकी सोडायच्या आधी विचारा.