पेठांमधला हेरिटेज वॉक : खांब बघायला शिकवलं यांनी

गेल्या रविवारी पुण्यातल्या पेठांचा हेरिटेज वॉक केला. एक छोटा ग्रुप घेतो, फी माणशी ४०० रुपये, सकाळी पावणेसातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी जमायचं आणि दहाच्या आसपास मंडईत संपतो. मी जन्मापासून पुण्याची, सदाशिव पेठेत वाढलेली, त्यामुळे मला काय नवीन दाखवणार असं वाटलं होतं पण खरं सांगते, ज्या रस्त्यांवरून इतकी वर्षं फिरले ते मी कधी मान वर करून बघितलेच नव्हते.

सनावळ्या फार नाहीत. जोतं (घराखालचा चौथरा) बघा, खांब बघा, छत बघा, कौलं बघा, एवढंच सारखं सांगतात. शनिवारवाड्याला आपण दरवाज्याचे खिळे बघून आत पळतो, इथे गाइडताईंनी आधी सगळ्यांना बाहेरच्या तटाकडे बघायला लावलं, खाली घडीव दगड आणि वर वीट. १७३२ ला वाडा तयार झाला, आणि पुढे पेशवाईतले मोठे वाडे साधारण ह्याच हिशोबाने उभे राहिले, दगडी जोतं, त्यावर सागवानी सांगाडा, मधे विटामातीच्या भिंती. १८२८ च्या आगीत लाकूड जळालं आणि दगड तेवढा राहिला, म्हणून आत गेल्यावर नुसती जोती दिसतात. लहानपणी शाळेच्या ट्रिपला मी बाईंना विचारलं होतं की मग राजवाडा कुठाय, त्याचं उत्तर मला आत्ता मिळालं!

लालमहालापाशी दोनच मिनिटं थांबलो, आत्ताची इमारत १९८० च्या दशकातली आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलं ते आवडलं.

सगळ्यात भारी भाग कसबा पेठेतला. एका राहत्या वाड्याच्या ओसरीवर त्यांनी आम्हाला खाली बसवलं आणि खांबाचं बूड दाखवलं. लाकूड थेट जमिनीत नाही, दगडाच्या तळखड्यावर उभं, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. हात लावून बघितला, दगड गार आणि वरचं सागवान तेल पिऊन काळं गुळगुळीत झालेलं. मग वर बघा म्हणाल्या, कडीपाट. जाड तुळया, त्यावर बारीक आडव्या कड्या, त्यावर फळ्यांचे पाट, आणि दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आजी कायम म्हणायची आमची दोन खणांची खोली, मला वाटायचं ते नुसतं बोलणं आहे, ते माप होतं हो, लाकूड जेवढं लांब तेवढीच खोली रुंद! तिथे बसल्या बसल्या डोळ्यात पाणी आलं कारण आमचा वाडा मी बारावीत असताना पाडला आणि तळखडे कुठे गेले कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाजीराव रोडवरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथले सुरूचे खांब म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली भरलेले आणि वर निमुळते होत जाणारे, बस थांब्यावरून हजारदा बघितलेत पण त्यांना नाव आहे हे माहीत नव्हतं. मग बुधवार पेठेतल्या एका गल्लीत तशाच वाड्याच्या रस्त्याकडच्या सज्जाला बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब आणि बिडाचीच जाळीदार कठडी. १८५८ ला रेल्वे पुण्यात आली, त्यानंतर असा ओतीव माल लांबून आणणं सोपं झालं, पुढे मंगलोरी कौलंही आली, म्हणजे मागचा चौक (आतलं अंगण) पेशवाईतला आणि रस्त्याकडचं तोंड इंग्रजी अमलातलं, एकाच घरात. शेजारची बिल्डिंग आरसीसीची, गोल कोपऱ्याची बाल्कनी आणि सिमेंटची जाळी. नदीकाठच्या पेठांमधे असं जुनं-नवं शेजारी शेजारी का दिसतं त्याचं एक कारण १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. मातीच्या भिंती पाण्यात बसल्या, वाडे गेले, नंतर सिमेंट आलं.

शेवट महात्मा फुले मंडई, १८८६ ची, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तेव्हा रे मार्केट. मधे अष्टकोनी मनोरा, गॉथिक म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारखी धाटणी. वाडा सगळा आतल्या चौकाकडे तोंड करून असतो आणि मंडई चारी बाजूंनी रस्त्याला उघडी, हे त्यांनी भाजीवाल्यांच्या गर्दीत उभं राहून सांगितलं ते एकदम पटलं.

तक्रारी दोन. आम्ही २६ जण होतो आणि माईक नव्हता, बाजीराव रोडवर मागच्यांना एक शब्द ऐकू आला नाही, पंधरावर लोक घेऊच नयेत. आणि तुळशीबाग घाईत उरकली, रामाच्या देवळाचा शिखरावरचा गिलावा आणि सभामंडपातलं लाकूडकाम ह्याला अर्धा तास तरी द्यायला हवा होता. पाण्याची बाटली आणि चांगले बूट न्या, वाटेत बसायला जागा फारशी नाही.

पाचपैकी साडेचार. पुढच्या महिन्यात त्यांचा सोमवार पेठेचा वॉक आहे, त्यात त्रिशुंड गणपती, अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, दर्शनी भिंतीवर चक्क गेंडा कोरलाय. आईचं पण नाव दिलंय, तिचे गुडघे दुखतात म्हणून रिक्षा सांगून ठेवणारे, पण आमच्या वाड्याला किती खण होते ते तिला तोंडपाठ आहे.