गोठवलेल्या पेशी की ताज्या?

मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) जबर केमोनंतर स्वतःच्याच, आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत घ्यायच्या, पण गोठवून की फ्रीजमध्ये ठेवून, म्हणजे ताज्या? म्हापसा-फोंड्याकडची घरं नेमकी इथेच अडतात.

त्रास: गोठवलेल्या पिशवीत साधारण 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी जगाव्यात म्हणून घातलेलं रसायन) असतं, म्हणजे 100 मिलीत सुमारे 11 ग्रॅम. दिवसाला किलोमागे 1 ग्रॅम ही नेहमीची मर्यादा. त्यामुळे 60 किलोच्या माणसाला अशा पाच पिशव्या झाल्या की उरलेल्या दुसऱ्या दिवशी. पिशवी 37 अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच चढवतात. घशात खवखव, खोकला, मळमळ, चेहरा लाल होणं, रक्तदाब वर-खाली, कधी नाडी मंद. वेग कमी केला की बहुतेकदा उतरतं, पण छाती आवळली तर क्षणभरही न थांबता नर्सला सांगा. फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे लघवी लालसर होते. श्वासाला लसणाचा किंवा कालवांचा वास दीड-दोन दिवस राहतो. सोबतच्या माणसाने घाबरू नये, लिंबाची गोळी द्यावी.

ताज्या पेशींत डीएमएसओ नसतंच, हा खरा फायदा.

वेळ: ताज्या पेशी 4 अंशांच्या आसपास ठेवून शक्यतो 72 तासांत द्याव्या लागतात, नंतर जिवंत पेशी घटत जातात. मायलोमात पेशींआधी देतात तो मेल्फालान या केमोच्या औषधाचा एकच डोस त्यात बसतो, लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींचा कर्करोग) सहा दिवसांचं बीम, म्हणजे अनेक औषधांची केमो, बसत नाही. गोठवलेल्या वर्षानुवर्षं टिकतात.

खर्च: ताज्यांचा कमी; द्रव नायट्रोजन लागत नाही.

एकाच प्रत्यारोपणाचा मायलोमा, विशेषतः हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर ताज्या. लिम्फोमा, तारीख पुढे ढकलायची शक्यता किंवा दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी साठा हवा असेल, तर गोठवलेल्या.