हुआ हिनचे लग्न आणि वऱ्हाडाची बडदास्त: एका मामाचा अभिप्राय

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचे लग्न थायलंडमधल्या हुआ हिन येथे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये झाले आणि पुण्या-मुंबईहून गेलेल्या आम्हा शंभरएक वऱ्हाडींची सगळी व्यवस्था एका विवाह-आयोजक कंपनीकडे होती. माझ्या बहिणीने या सेवेसाठी किती रक्कम मोजली ते मी विचारले नाही. हा अभिप्राय पाहुण्याच्या बाजूचा आहे, आणि त्या बाजूने पाहता या मंडळींनी मांडवात जेवढे लक्ष घातले त्याच्या निम्मे जरी निघण्यापूर्वीच्या सूचनांमध्ये घातले असते तरी बराच मनस्ताप वाचला असता.

त्यांनी पाठवलेल्या बावीस पानी पुस्तिकेत हळदीला पिवळे आणि संगीताला चंदेरी कपडे घालावेत हे सचित्र दिले होते. सामानात काय चालत नाही याविषयी मात्र एक ओळही नव्हती. परिणामी मुंबई विमानतळावर आमच्या थोरल्या वहिनींची बॅग बाजूला काढली गेली आणि ओटीसाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या अकरा वाट्या तिथेच ठेवून द्याव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण जास्त असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. खण, हळकुंडे, सुपाऱ्या बिनबोभाट गेल्या. ओटी शेवटी हुआ हिनच्या बाजारातल्या ओल्या नारळांनी भरली, आणि नारळाच्या देशात आपण पुण्याहून खोबरे घेऊन निघालो होतो याचे वहिनींनाच हसू आले.

थायलंडमध्ये 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचा डिजिटल अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनामूल्य आहे. आमच्यातल्या दोघांनी मात्र दिसायला तशाच एका दुसऱ्या संकेतस्थळावर पैसे भरले. कंपनीने दुवा पाठवला तो आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री, आणि तोवर हौशी मंडळींनी आपापली वाट शोधलेली होती. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ते तिकीट काढताना एकदा आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा स्वतः तपासावेत.

प्रवासाबद्दल माझी खरी तक्रार आहे. हुआ हिन बँकॉकपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि विमानतळावरून बसने तीन तास सहज लागतात. निरनिराळ्या विमानांनी आलेल्या पाहुण्यांना एकाच बसमध्ये बसवण्याच्या हट्टापायी आमच्या ऐंशी वर्षांच्या काकांना विमानतळावर अडीच तास ताटकळावे लागले. घरात वृद्ध मंडळी असतील तर यजमानांची भीड न बाळगता स्वतंत्र गाडीची चौकशी आधीच करावी. चौघांत वाटून घेतल्यास तो खर्च जड जात नाही.

भोजनाला मात्र पैकीच्या पैकी गुण. कंपनीने आपले आचारी नेले होते, आणि लग्नाच्या दिवशी पानात साधे वरण, मसालेभात, अळूची भाजी आणि मठ्ठा अशी पंगत उठली की काही काळ समुद्राचा विसर पडला. शाकाहाऱ्यांची पंचाईत होते ती बाहेर फिरताना, कारण तिथे केवळ भाज्या दिसणाऱ्या पदार्थातही माशाचे आंबवलेले पाणी सर्रास असते. अशा वेळी ‘जे’ हा एवढासा शब्द उपयोगी पडतो. पिवळ्या फलकावर लाल थाई अक्षरांत तो लिहिलेला असला की त्या अन्नात मांस, मासळी, अंडी, दूध यांपैकी काही नसते. कांदा-लसूणही नसते, त्यामुळे आमच्या काकूंचीही सोय झाली.

लग्न गोरज मुहूर्तावर होते. मी नवरीमागे उभा होतो आणि वाऱ्याने अंतरपाट शिडासारखा फुगत होता; दोन्ही टोके धरणाऱ्या गुरुजींची तारांबळ पाहून आयोजकांच्या एका मुलीने पुढे होऊन खालच्या काठाला दोन साडीपिना लावून बारीक वजने अडकवली. असा अनुभव पुस्तिकेत येत नाही आणि पैशानेही लगेच विकत मिळत नाही. मात्र पत्रिकेत मुहूर्त 5 वाजून 50 मिनिटांचा लिहिताना तो तिथल्या घड्याळाचा आहे हे सांगायचे राहिले. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने पुण्यात बसून मंगलाष्टके ऐकू पाहणारी माझी आई भ्रमणध्वनी उघडून बसली तेव्हा इकडे सप्तपदीही उरकली होती.

तरुण मंडळींसाठी दोन गोष्टी: ई-सिगारेटला त्या देशात बंदी आहे, आणि हुआ हिनच्या किनाऱ्यावर धूम्रपान करणाऱ्याला दंड होऊ शकतो. आहेराची पाकिटे रुपयांत नेणार असाल तर भारतातून बाहेर नेता येणारी कमाल रक्कम माणशी 25,000 रुपये आहे. त्यापेक्षा आहेर निघण्यापूर्वी घरीच देणे सोयीचे.

दागिन्यांविषयी कंपनीच्या माणसाने ‘काही अडचण येत नाही’ एवढेच सांगितले होते. वहिनींनी ते मनावर न घेता जाताना मुंबई विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षात पाटल्या आणि तन्मणी पावत्यांसह दाखवून निर्यात प्रमाणपत्र, म्हणजे हे दागिने इथूनच नेले असल्याचा कागद, करून घेतले. त्यासाठी त्या दीड तास आधी आल्या होत्या. परतताना विचारणा झाली तेव्हा तो कागद दाखवून त्या लगेच बाहेर पडल्या. माझ्या मावसबहिणीकडे कागद नव्हता, म्हणून ती भ्रमणध्वनीत मागच्या दिवाळीचे, तोच हार घातलेले छायाचित्र शोधत बसली, आणि आम्ही सगळे बाहेर ट्रॉल्यांवर रेलून तिची वाट पाहत होतो.