व्हीएमच्या डिस्कसाठी सेफ: उत्तम, पण तीन नोडवर अडखळतं

वेगळा सॅन (नेटवर्कवरचा स्वतंत्र स्टोरेज संच) न घेता सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र करून व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) स्टोरेज द्यायचं, तर सेफ (Ceph) या स्टोरेज सॉफ्टवेअरचं आरबीडी, म्हणजे व्हीएमना डिस्क पुरवणारा भाग, आजही भक्कम पर्याय आहे. व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर (सर्व्हरवर) राहतात. म्हणजे ३० टीबी कच्च्या जागेतून हाती येते १०, आणि तीही पूर्ण भरायची नाही. ८५ टक्क्यांवर इशारा येतो, ९५ वर लिहिणंच थांबतं.

तीन नोडवर चालतं, हे खरं. पण एक नोड गेला की तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. त्यात दुसरा गेला, तर मिन-साइझ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २ असल्याने व्हीएमचं आयओ (वाचणं-लिहिणं) गोठतं. मिन-साइझ १ करण्याचा मोह टाळा, डेटा गमवाल. चार-पाच नोड घ्या, मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम) मात्र विषम संख्येत.

सगळ्यात जास्त तक्रारी वेगाच्या असतात आणि दोष बहुधा एसएसडीचा निघतो. पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी डेटा वाचवणारी सोय) नसलेली घरगुती एसएसडी सिंक राइटला (डेटा खरोखर साठल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या लिखाणाला) अक्षरशः रांगते. डिस्कच्या मध्ये रेड (RAID) कार्ड नको, डिस्क थेट जोडणारं साधं एचबीए कार्ड लावा. प्रत्येक ओएसडीला (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमला) किमान ४ जीबी रॅम धरा. नेटवर्क १० गिगाबिटच्या खाली नकोच. एनव्हीएमई (अधिक वेगवान एसएसडी) असेल तर २५.

व्हीएममध्ये डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा स्टोरेजला कळवणारी सोय) सुरू करायला विसरतात, मग पुसलेल्या फाइलींची जागा पूलमध्ये (सेफच्या सामायिक साठ्यात) परतच येत नाही. एकाच मोठ्या डेटाबेसला अगदी कमी लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) हवी असेल, तर लोकल एनव्हीएमई बरी.