वॉर्डसाठी न्यूज-२ की सेप्सिसचं एआय मॉडेल?

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बदलायला निघालात की विक्रेता दोन पर्याय पुढे ठेवतो. एक, श्वास, नाडी, बीपी अशा मोजमापांना ठरलेले गुण देऊन रुग्ण बिघडतोय का हे सांगणारा न्यूज-२ चा इशारा. दुसरा, जास्त पैसे मोजून मिळणारं, सेप्सिस (संसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) ओळखणारं एआय मॉडेल. पन्नास-शंभर खाटा असतील तर माझं मत सरळ आहे: आधी न्यूज-२.

ही पद्धत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची. २०१२ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. समजा, रुग्णाचा श्वास मिनिटाला २२, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ टक्के, वरचं बीपी १०५, नाडी ११२, ताप १०१. ऑक्सिजन लावलेला नाही, नीट शुद्धीवर आहे. यातल्या एकेका आकड्यासाठी रात्री दोन वाजता आरएमओला (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला) कोणी उठवणार नाही. पण गुण पडतात २, १, १, २ आणि १. बेरीज ७, म्हणजे डॉक्टर ताबडतोब खाटेपाशी हवा. शंका आली तर सिस्टर हीच बेरीज कागदावर करून बघू शकते.

खोट आहे ती भरल्या जाणाऱ्या आकड्यांत. श्वास न मोजता चार्टवर सगळ्यांना २० लिहायची सवय कुठल्या वॉर्डात नाही? वरच्याच रुग्णाचा श्वास २० लिहिला की बेरीज ५ वर येते आणि धावपळीची निकड उतरते. शिवाय सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी ही पद्धत नाही. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काही रुग्णांना सॅच्युरेशनची वेगळी मोजपट्टी लावावी लागते. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, हे डेमोतच तपासा.

एआय मॉडेल चार्टच्या जोडीला लॅबचे रिपोर्ट, औषधं, जुने आजार असं बरंच काही वाचतं. तरी अमेरिकेत सर्रास वापरात असलेलं एपिक या हॉस्पिटल-सॉफ्टवेअर कंपनीचं मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तपासलं, तेव्हा २०२१ च्या निष्कर्षानुसार सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांना त्याने ओळखलंच नाही. आणि भरती झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर इशारे मात्र वाजवले. इतके इशारे वाजायला लागले की माणसं न वाचताच स्क्रीनवरची खिडकी बंद करतात.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्सच्या हॉस्पिटलांत त्यांच्या मॉडेलचा इशारा डॉक्टरांनी तीन तासांत पाहून मान्य केला, त्या रुग्णांत मृत्यू कमी दिसले. पण तिथे नोंदी थेट संगणकात होतात. आपल्याकडे केसपेपर हाताने लिहून सकाळी कोणीतरी टाइप करणार असेल, तर मध्यरात्री मॉडेलने वाचायचं काय?

मोठं आयसीयू, जागेवर लॅब आणि निदान दोन-तीन वर्षांचा संगणकीय डेटा असेल तर एआयचा विचार जरूर करा. पण विक्रेत्याकडून आधी एक मागा: तुमच्याच जुन्या रुग्णांवर मॉडेल चालवून, किती सुटले आणि किती इशारे फुकट गेले याचा हिशोब. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर ऑर्डर थांबवा.